डाव्या हाताचा फेस

आमच्या रश्तला हिवाळा म्हणजे ओल.
इथे गोनाबादला थंडीसुद्धा कोरडी,
ओठ उलतात, मीठ चोळल्यासारखे.
सासरची माझी ही पहिली यल्दा.
आईने बरणी दिली होती बांधून:
मीठपाण्यात मुरलेली, चेपकी, तपकिरी फळं.
सासूबाईंनी झाकण काढून वास घेतला,
"छान आहे" म्हणाल्या
आणि बरणी फळीवर ठेवली,
टरबुजाच्या, डाळिंबांच्या, पिस्त्यांच्या मागे.

इथे आजच्या रात्री फेस लागतो.

बिख नावाचं एक मूळ असतं, लाकडासारखं.
उकळायचं. कडू पाणी ओतून द्यायचं. पुन्हा उकळायचं.
शेवटचं पाणी मातीच्या तघारीत निववायचं
आणि डाळिंबाच्या काटक्यांची जुडी घेऊन
घुसळत बसायचं, घुसळत बसायचं.
"पाण्याला येण्याआधी आपल्याच तोंडाला फेस येतो,"
मोर्तझा हसत म्हणाला,
आणि हसता हसता थांबला.

कारण चाळीस वर्षं हे काम खोदादादचं.
माझे सासरे. भुयारी पाटात उतरून गाळ उपसणारे.
जन्मभर जमिनीखाली वावरलेल्या माणसाला
एका मिनिटाने लांब रात्रीचं काय कौतुक!
जुलैत एका दुपारी त्यांचा उजवा हात झोपला,
तो अजून उठलेला नाही.
जीभही अर्धीच उठते.
आता ते कोर्सीपाशी टेकून बसलेत
आणि तो हात रजईखाली,
कुणाच्या दृष्टीस पडू नये असा.

मोर्तझाने घुसळलं. दिराने घुसळलं.
पाणी पाणीच राहिलं.
कुणीतरी म्हणालं, बाजारात तयार मिळतो, डब्यात.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग खोदादादनी माझ्याकडे पाहिलं.
"अरूस."
मी तघारीपाशी गुडघे टेकले.
माझ्या मुठीवर त्यांची डावी मूठ,
पाटातल्या दगडांनी घासलेली, खरखरीत.
"घाई," ते म्हणाले,
पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला,
"नाही."

सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हणतात.
हे तसं नव्हतं.
माझा खांदा भरून आला, त्यांचं मनगट कापत होतं,
कोण कुणाला घुसळतंय ते कळेना.
आधी चार बुडबुडे, लाजल्यासारखे.
मग साय धरली.
मग पाण्याने एकदम जात बदलली
आणि तघार पालथी केली तरी
पांढरा ढीग जागचा हलेना.

पाक घालण्याआधी फेस एकमेकांना फासायचा, ही इथली रीत.
दिराच्या मिशीला लागला, नणंदेच्या भुवईला,
माझं तर सगळं तोंड माखलं.
खोदादादना कुणी लावला नाही.
जुलैपासून सगळे त्यांच्याभोवती
ओल्या फरशीवरून चालावं तसे चालतात.

त्यांनीच डावा हात तघारीत बुडवला.
नेम धरला बायकोवर.
नेम चुकला.
फेसाचा गोळा फळीवर फुटला,
टरबूज कोरडं, डाळिंबं कोरडी,
मागची माझी बरणी तेवढी पांढरीफटक.
"अहो!" सासूबाई ओरडल्या, जुलैनंतर पहिल्यांदा.
ओढणीच्या टोकाने बरणी पुसली,
हातात आलीच आहे तर उघडली,
पहिलं फळ त्यांनाच भरवलं.
त्यांनी तोंड वाकडं केलं,
थोडं आजाराने, थोडं चवीने,
किती कशाने ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.
त्यांनी दुसरं मागितलं.

उशिरा पाक पडला, अक्रोड पडले.
गोष्टी सांगता सांगता सांगणारेच पेंगले.
उद्यापासून दिवस वाढणार, मोर्तझा पुटपुटला.
किती?
त्याने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं,
बोटं जवळजवळ चिकटलेली.

वाट्या गोळा करायला मी उठले.
खोदादाद बसल्या बसल्या झोपले होते.
मांडीशी सहा वर्षांची गोलनूश,
नाकाच्या शेंड्यापर्यंत फेसाने भरलेली.
दोन्ही हात रजईबाहेर होते त्यांचे.
दोन्हींवर फेस वाळलेला,
उजव्यावर जरा जास्तच,
एकेका बोटाला निगुतीने लावलेला.

बाहेर अजून अंधारच होता.